एकच ॲनिमे, प्रत्येक देशात वेगळा शिक्का: पालकांनी कोणाचं ऐकायचं?

ठाण्याहून एका आईंनी विचारलंय: मुलगा १३ वर्षांचा आहे आणि 'डीमन स्लेअर' या ॲनिमेसाठी, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेसाठी वेडा आहे. आता त्याला त्याच मालिकेचा 'मुगेन ट्रेन' हा चित्रपट बघायचाय. त्यांनी शोधलं तर जपानमध्ये या चित्रपटाला पीजी१२, अमेरिकेत आर आणि ब्रिटनमध्ये १५ अशी श्रेणी मिळालेली दिसली. मुलगा वर म्हणतो, "टीव्हीवर सगळं कापतात, खरं ॲनिमे ऑनलाइनच असतं." त्यांचे प्रश्न तीन आहेत. हे ठरवतं कोण? कापतं कोण? आणि आपण नेमकं कोणाचं ऐकायचं?

ताई, माझं निम्मं आयुष्य याच कामात गेलंय. आधी मुंबईत लहान मुलांच्या वाहिनीसाठी आलेले भाग तपासायचं काम केलं, त्या विभागाला आमच्याकडे एस अँड पी म्हणतात. मग ओटीटीसाठी मालिका बघून वयोगट ठरवायला लागले. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. सुरुवातीलाच एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शिक्का बघून ती कलाकृती किती 'वाईट' आहे हे कळत नाही. ती कोणत्या वाटेने तुमच्यापर्यंत आली आणि त्या वाटेवर कोण कोणाला जबाबदार आहे, एवढं त्यावरून कळतं. थिएटर, टीव्ही, ओटीटी आणि डिस्क या चार वाटांवर चार वेगळे नियम आहेत, आणि अनेकदा चित्रफीतही चार वेगळ्या असतात.

तुमच्या उदाहरणापासूनच सुरू करू. जपानमध्ये चित्रपटांना श्रेणी देणारी संस्था म्हणजे एइरिन. ती १९४९ मध्ये चित्रपट उद्योगाने स्वतःच उभी केली, सरकारने नाही. तिच्या चार श्रेणी आहेत: जी, पीजी१२, आर१५+ आणि आर१८+. पीजी१२ म्हणजे १२ वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघावं. थिएटरच्या दारात मात्र कोणी अडवत नाही, सात वर्षांचं मूलही आत जाऊ शकतं. अमेरिकेतल्या आर श्रेणीत १७ वर्षांखालच्या मुलाबरोबर पालक किंवा मोठं माणूस असावं लागतं. ते असेल तर मूल आत जातं. ब्रिटनच्या १५ मध्ये मात्र १४ वर्षांच्या मुलाला आई-वडील दोघे सोबत असले तरी तिकीट मिळत नाही. म्हणजे कागदावर सगळ्यात भीतीदायक वाटणारा अमेरिकेचा आर प्रत्यक्षात ब्रिटनच्या १५ पेक्षा सैल आहे. आकडे आणि अक्षरं शेजारी ठेवून तुलना करणारे पालक इथेच फसतात. शिक्का सल्ला आहे, अट आहे की बंदी, हे आधी पाहायला हवं.

तरीही जपान आणि अमेरिकेत एवढा फरक का, हा प्रश्न उरतोच. 'मुगेन ट्रेन'मध्ये रक्त आहे, मुंडकी उडतात. अमेरिकेने आर देताना हिंसा आणि रक्ताची दृश्यं हेच कारण दिलं. तिथे श्रेणी देणारं मंडळ पालकांचंच असतं, आणि ॲनिमेशन म्हणजे मुलांसाठीचं ही समजूत तिथल्या समाजात अजून घट्ट आहे. त्यामुळे रेखाटलेलं रक्त तिथे जास्त खटकतं. जपानमध्ये चित्रकथा सगळ्या वयांची माणसं वाचतात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हा चित्रपट आला तेव्हा तिथे आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे तो बघायला गेले. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये फुजी टीव्हीने तो शनिवारी रात्री ९ वाजता, म्हणजे अख्खं घर टीव्हीसमोर असतं त्या वेळी दाखवला.

माझं मत विचाराल तर या चित्रपटात १३ वर्षांच्या मुलासाठी विचार करण्याजोगी गोष्ट रक्त नाहीच. नायक तांजिरो स्वप्नात अडकतो आणि जागं होण्यासाठी त्याला स्वप्नातल्या स्वतःलाच मारावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. एरवी हसत्याखेळत्या मुलाला ही फक्त लढाईतली युक्ती वाटेल. मनाने खचलेल्या किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणाऱ्या मुलावर तेच दृश्य वेगळा परिणाम करू शकतं. १२, १५ किंवा १७ या आकड्यांमधून हे तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून मी पालकांना सांगते की आकड्याच्या शेजारी लिहिलेले शब्द वाचा: हिंसा, भय, आत्महत्येचे संदर्भ, अमली पदार्थ, लैंगिक दृश्यं. श्रेणी ठरवताना आमचं निम्म्याहून जास्त कष्टाचं काम या शब्दांसाठी होतं, आणि तेच कोणी वाचत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मुलाच्या दाव्याकडे येऊ, की टीव्हीवर कापलेलं असतं. तो बरोबर आहे, पण त्याला अर्धीच गोष्ट माहीत आहे. ॲनिमेला सगळ्यात आधी कात्री लागते ती जपानमध्येच.

जपानी टीव्हीवर आपल्यासारखा वयाचा शिक्का नसतो. वाहिन्या स्वतःवर नियम घालतात आणि तक्रारी आल्या तर बीपीओ ही संस्था त्या बघते. ती २००३ मध्ये एनएचके आणि खासगी वाहिन्यांनी मिळून स्थापन केली. शिक्का नसल्यामुळे सगळा भार वेळेवर पडतो. संध्याकाळी साडेसहाला लागणारं ॲनिमे वेगळं आणि रात्री बारानंतरचं वेगळं. मोठ्यांसाठीची बहुतेक मालिका मध्यरात्रीच्या आसपास लागते. पण रात्रीच्या वेळेलाही मर्यादा असतातच. म्हणून अंगावर अचानक पांढरा प्रकाशझोत येतो, न्हाणीघरात गरजेपेक्षा जास्त वाफ साचते, तुटलेल्या हातावर काळा ठिपका बसतो. २०१४ च्या 'टेरा फॉर्मर्स'मध्ये हे काळे ठिपके इतके मोठे होते की मारामारीत कोण कोणाला मारतंय हेही दिसेना. त्याच वर्षीच्या 'जोजो'मध्ये नायक जोतारो शाळकरी वयाचा असून सिगारेट ओढतो. जपानमध्ये २० वर्षांखालच्यांना धूम्रपानाची मनाई आहे, म्हणून टीव्हीवर त्याच्या तोंडावर गडद सावली टाकली गेली. ब्लू-रे डिस्कवर ती सावली नव्हती.

यात व्यापारही आहे, तो समजून घ्या. मध्यरात्रीच्या मालिकांचा पैसा उभा करतात त्या निर्मिती समित्या. त्यांत प्रकाशक, संगीत कंपनी, खेळणी बनवणारे, डिस्क विकणारे असे सगळे असतात. बरीच वर्षं टीव्हीवरचं प्रसारण हीच डिस्कची जाहिरात होती. टीव्हीवर झाकलेलं डिस्कवर उघडं मिळणार, हे प्रेक्षकांना ठाऊक असायचं आणि त्यावर विक्री व्हायची. त्यामुळे 'अनसेन्सॉर्ड' हा शब्द वाचून मुलांना जे वाटतं, की कोणीतरी कथेचा गाभा आपल्यापासून लपवलाय, तसं फार क्वचित असतं. बहुतेक वेळा डिस्कवर वाढलेला भाग म्हणजे उघडं अंग किंवा जास्त रक्त. कथेत शब्दाचाही फरक नसतो. मुलाला हे शांतपणे सांगा. 'खरं' बघायला मिळत नाही ही त्याची खंत बरीच कमी होईल.

कात्रीने खरंच कथेचं नुकसान केल्याची उदाहरणंही आहेत. 'काउबॉय बीबॉप' १९९८ मध्ये टीव्ही टोक्योवर लागली तेव्हा २६ भागांपैकी जेमतेम निम्मे दाखवले गेले. कारण त्या काळात तिथे हिंसेबाबत वातावरण तापलेलं होतं. पूर्ण मालिका नंतर वाउवाउ या सशुल्क वाहिनीवर आली. आज जिला जगभर अभिजात मानतात ती मालिका पहिल्यांदा पाहणाऱ्यांना अर्धवट मिळाली होती.

आणखी एक प्रकारची काटछाट आहे, तिचा नीतीशी काही संबंध नाही. पालकांनी ती जरूर समजून घ्यावी. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी 'पोकेमॉन'चा ३८वा भाग लागला. त्यात एका स्फोटाच्या दृश्यात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा लखलखला. देशभरात ६८५ जणांना रुग्णवाहिकेतून रुग्णालयात न्यावं लागलं, त्यात बहुतेक मुलं होती. कोणाला झटके आले, कोणाला उलट्या झाल्या. मालिका चार महिने बंद राहिली आणि तो भाग पुन्हा कधीही दाखवला गेला नाही. १९९८ च्या एप्रिलमध्ये वाहिन्यांनी लखलखाटाबाबत नियम केले. तेव्हापासून जपानी ॲनिमेच्या सुरुवातीला खोलीत उजेड ठेवा आणि पडद्यापासून लांब बसा अशी सूचना दिसते. जोरदार लढाईत पडदा अचानक मंद, धुरकट होतो त्याचं कारणही हेच. चाहते चिडून म्हणतात, सेन्सॉर केलं. ती काळजी आहे, आणि तिच्यामागे रुग्णालयात गेलेली खरीखुरी मुलं आहेत. घरात कोणाला फिट येण्याचा त्रास असेल तर ही सूचना शब्दशः पाळा. जपानमध्ये प्रसारण होताच काही तासांत आपल्याकडे ओटीटीवर येणाऱ्या भागांना बहुधा तीच मंद केलेली टीव्हीची प्रत मिळते. तेव्हा 'ऑनलाइन म्हणजे मूळ' हा मुलाचा दुसरा समजही नेहमी खरा नसतो.

आता भारतात. इथे थिएटर, टीव्ही आणि ओटीटी या तिन्हींचा कायदाच वेगळा आहे.

थिएटरसाठी सेन्सॉर बोर्ड, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ. मुख्यालय मुंबईत, पाया १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा. १९८३ पासून यू, यूए, ए आणि एस (विशिष्ट व्यावसायिकांसाठी) या श्रेणी होत्या. यूएचा अर्थ १२ वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघावं. आठ वर्षांच्या मुलाला चालेल आणि पंधरा वर्षांच्याला चालेल यात किती अंतर असतं हे तुम्हाला सांगायला नको, पण कायद्यात ते अंतरच नव्हतं. श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१६ मध्ये यूए फोडायला सांगितलं. मंडळाने प्रमाणपत्र द्यावं, कात्री चालवू नये, असंही त्या समितीचं म्हणणं होतं. पहिली गोष्ट २०२३ च्या दुरुस्तीने झाली: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ आले. दुसरी अजून झालेली नाही. यूएमधले हे आकडे पालकांसाठी शिफारस आहेत. यूए १६+ चित्रपटाला १३ वर्षांच्या मुलाला न्यायचं की नाही हा निर्णय तुमचा. ए असेल तर मात्र १८ वर्षांखाली प्रवेश नाही, तुम्ही सोबत असलात तरी नाही.

ॲनिमेच्या बाबतीत या फरकाचं महत्त्व फार मोठं आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये 'वेदरिंग विथ यू' भारतात थिएटरमध्ये आला तो चाहत्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवल्यामुळे. त्यानंतर जपानी चित्रपट नियमित येऊ लागले. त्यांचा प्रेक्षक मुख्यतः १३ ते २२ वयाचा असतो. ए मिळालं की त्यातली निम्मी पोरं दाराबाहेर राहतात, शिवाय टीव्हीचे हक्क विकणं अवघड होतं. म्हणून वितरक यूएसाठी धडपडतो. मंडळाने अमुक दृश्य कमी केलं तर यूए देऊ असं सुचवलं की बहुतेक वितरक मान्य करतात. असे कट कोणी हौसेने लादत नाही, ते श्रेणीच्या बदल्यात स्वीकारले जातात. हिंदी, तमिळ, तेलुगू अशा प्रत्येक डबिंगला वेगळं प्रमाणपत्र लागतं हेही लक्षात असू द्या. कट झाला आहे का हे ओळखायची एक सोपी खूण आहे. चित्रपटाआधी पडद्यावर जे प्रमाणपत्र दिसतं त्यावर लांबी लिहिलेली असते. ती मूळ लांबीशी ताडून बघा. 'मुगेन ट्रेन'ची मूळ लांबी ११७ मिनिटं आहे.

टीव्हीचं वेगळं. तिथे १९९५ चा केबल टीव्ही कायदा आणि त्याखालची कार्यक्रम संहिता लागू होते. मुलं मोठ्या संख्येने टीव्ही बघतात त्या वेळेत मुलांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत, असं संहिता सांगते. मुंबईच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी टीव्हीवरच्या प्रौढ चित्रपटांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर यू आणि यूए सोडून इतर चित्रपट टीव्हीवर दाखवता येणार नाहीत हा नियम पक्का झाला. मनोरंजन वाहिन्यांनी २०११ मध्ये स्वतःची तक्रार परिषद काढली, बीसीसीसी. तिच्या संहितेत दोनच वर्ग आहेत, सर्वांसाठी आणि मर्यादित. मर्यादित कार्यक्रम रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतच. मुलांची वाहिनी रात्री ११ नंतर कोण बघणार? त्यामुळे मुलांच्या वाहिनीवर आलेलं सगळं 'सर्वांसाठी'मध्ये बसवावंच लागतं. तिथून खरी काटछाट सुरू होते.

ती कशी होते ते थोडं सांगते, कारण बाहेरच्यांना ते कधी दिसत नाही. जपानहून आम्हाला तयार चित्रफीत मिळायची. चित्राचे थर वेगळे मिळत नसत, म्हणून हातातलं मद्य पुसून तिथे सरबत रंगवणं शक्य नसायचं. मग तीनच मार्ग उरतात: दृश्य कापा, चित्र मोठं करून नको तो भाग चौकटीबाहेर ढकला, नाहीतर धूसर करा. आवाजाच्या बाजूने डबिंगमध्ये संवाद सौम्य करता येतो. रक्ताचा लाल रंग काळपट करता येतो. प्रत्येक बदलाला जपानी हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते आणि ती यायला वेळ लागतो. वेळ नसेल तर अख्खा भागच गाळला जातो. गरम पाण्याच्या झऱ्यावर सहलीला गेलेल्या पात्रांचा भाग भारतीय मुलांच्या वाहिनीवर बहुधा का दिसत नाही, याचं उत्तर यात आहे. मग एखादं पात्र जखमी कधी झालं, दोघांचं भांडण का झालं, हे मुलांना कळत नाही आणि ती तुटलेली कडी शोधायला इंटरनेटवर जातात. तिथे कोणतीच चाळणी नसते. ७ वर्षांच्या मुलासाठी केलेला कट १३ वर्षांच्या मुलाला पायरेट साइटकडे ढकलतो, हे मी या कामात फार जवळून पाहिलंय आणि मला ते आजही सतावतं.

'शिनचॅन'ची गोष्ट याच कारणाने महत्त्वाची आहे. योशितो उसुई यांनी ती मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९० मध्ये 'वीकली मांगा ॲक्शन' या मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू केली. पाच वर्षांच्या कारट्याच्या तोंडून संसाराची, नवरा-बायकोच्या नात्याची, ऑफिसातल्या कंटाळ्याची थट्टा, असं तिचं रूप होतं आणि वाचक प्रौढ होते. १९९२ पासून टीव्ही असाहीवर ॲनिमे आलं आणि मुलांनी ते आपलंसं केलं. जपानमधल्या पालक-शिक्षक संघटनेच्या पाहणीत 'मुलांना दाखवू नये' अशा कार्यक्रमांत ते वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर असायचं. आपल्याकडे ते हंगामा टीव्हीवर थेट बाळगोपाळांचं कार्टून म्हणून आलं. तक्रारी झाल्या, २००८ मध्ये केंद्र सरकारने ते बंद करायला लावलं आणि पुढच्या वर्षी ते कापून-छाटून परत आलं. मला विचाराल तर शिनचॅनमध्ये दोष नव्हता. त्याला चुकीच्या खणात ठेवलं गेलं. तेव्हा टीव्हीवर '१३ वर्षांपुढील मुलांसाठी' असा शिक्काच नव्हता, आणि अजूनही नाही. खणच नसेल तर उरतात दोनच पर्याय, कापणं किंवा बंद करणं.

चीनकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट दिसतं. तिथे चित्रपटांना वयोगटाची श्रेणीच नाही. २०१५ मध्ये तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाने ३८ ॲनिमे-मांगांची काळी यादी काढली. 'अटॅक ऑन टायटन' आणि 'डेथ नोट' दोन्ही त्यात होत्या. १६ वर्षांवरच्या मुलांनी बघावं असं म्हणायची सोयच नाही, म्हणून ४० वर्षांच्या माणसालाही मनाई. माझ्या या कामावरच्या श्रद्धेचं कारण हे आहे. वर्गीकरण नीट आणि बारकाईने केलं की कात्रीची गरज कमी पडते.

याउलट अमेरिकेत एकेकाळी कात्री फारच सैल हाताने चालली. २००४ मध्ये 'वन पीस' लहान मुलांसाठी दाखवताना फोरकिड्स कंपनीने सान्जी या पात्राच्या तोंडातल्या सिगारेटच्या जागी लॉलीपॉप रंगवला. त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, हायाओ मियाझाकींच्या 'नौसिका'ची वीसेक मिनिटं कापून ती 'वॉरियर्स ऑफ द विंड' नावाने तिथे विकली गेली. ती जखम मियाझाकींच्या जिब्ली स्टुडिओच्या लोकांच्या मनात राहिली आणि पुढे परदेशी वितरणात एकही कट चालणार नाही अशी अट त्यांनी घातली. 'प्रिन्सेस मोनोनोके' अमेरिकेत जाताना निर्माते तोशिओ सुझुकी यांनी तिथल्या वितरकाला कट नको हे सांगायला कताना तलवार भेट दिली, हे प्रसिद्ध आहे. चित्रपट न कापता गेला आणि त्याला पीजी-१३, म्हणजे १३ वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारी श्रेणी मिळाली. कलाकृती अखंड ठेवायची आणि वय नीट लिहायचं, हा मार्ग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

राहिलं ओटीटी, जिथे तुमचा मुलगा प्रत्यक्षात बघणार आहे. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्लॅटफॉर्मने स्वतःच वर्ग द्यायचा: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ किंवा ए. सरकारी मंडळ आधी काही बघत नाही. विषय, हिंसा, नग्नता, लैंगिकता, भाषा, अमली पदार्थ आणि भय या निकषांवर आम्ही पूर्ण सीझन बघतो आणि वेळेच्या नोंदीसह टिपणं करतो. यू/ए १३+ पासून पुढे पालकांसाठी लॉकची सोय आणि ए साठी वयाची खात्री करणं नियमांत आहे. याच नियमांच्या काही भागाला, म्हणजे आचारसंहिता पाळायला लावणाऱ्या नियम ९ च्या पहिल्या आणि तिसऱ्या पोटनियमांना, पत्रकार निखिल वागळे आणि 'द लीफलेट' यांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. तरी मोठ्या प्लॅटफॉर्मनी शिक्के आणि तक्रार अधिकारी ठेवलेच आहेत. १ सप्टेंबर २०२३ पासून तंबाखूचे इशारे ओटीटीलाही लागू झाले, ते तुम्हाला दिसतच असतील.

या शिक्क्यांच्या दोन मर्यादा माहीत असू द्या. बहुतेक ठिकाणी अख्ख्या सीझनचा वर्ग सगळ्यात तीव्र भागावरून ठरतो. २४ भागांतले २२ सौम्य असले तरी दोन भागांमुळे यू/ए १६+ किंवा ए लागतं. दुसरं म्हणजे जपानबरोबरच चालू असणाऱ्या मालिकेचे पुढचे भाग वर्ग ठरवताना आलेलेच नसतात. कथा पुढे गडद झाली की शिक्का मागाहून वाढतो. 'डीमन स्लेअर'चंच बघा. त्याचं 'एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट' हे पर्व कलावंतिणींच्या वस्तीत घडतं. ते पर्व जाहीर झालं तेव्हा जपानमध्येही पालक विचारत होते, ही वस्ती म्हणजे काय हे मुलांना कसं सांगायचं. पहिला सीझन चालला म्हणून पुढचं सगळं आपोआप चालेल असं धरू नका.

आणि एक गोष्ट कोणत्याच शिक्क्यात मावत नाही. १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये 'माय नेबर टोटोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' एकाच तिकिटात दाखवले गेले. एकात वनातला गुबगुबीत प्राणी, दुसऱ्यात युद्धात भुकेने मरणारी भावंडं. दुसऱ्यात रक्त फारसं नाही, मारामारी फारशी नाही. तरी मोठी माणसंही त्यानंतर बराच वेळ बोलू शकत नाहीत. दुःखाची तीव्रता मोजणारा निकष आमच्या तक्त्यात नाही. तिथे आई-बापच लागतात.

पायरेट साइट आणि टेलिग्रामवरच्या फाइलींबद्दल थोडं स्पष्ट बोलते. तिथे 'अनसेन्सॉर्ड' म्हणून फिरणाऱ्या काही गोष्टींत लहान वयाची दिसणारी पात्रं लैंगिक रूपात असतात. आपल्याकडे पॉक्सो कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर 'मुलासारखं दिसणारी' तयार केलेली चित्रंही व्याख्येत येतात, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं साहित्य जवळ बाळगण्याबाबतही कडक भूमिका घेतली आहे. चित्र हाताने काढलेलं आहे म्हणून सूट मिळेल असं समजू नये. मुलाला दटावू नका, पण हे त्याला सांगा. अधिकृत प्लॅटफॉर्मवरच बघायचं, यासाठी एवढं एक कारण पुरेसं आहे.

तर 'मुगेन ट्रेन'. तुमचा मुलगा १३ वर्षांचा आहे, पहिला सीझन त्याने पाहिलाय, झोप आणि मन ठीक आहे, तर मी हो म्हणेन. पहिल्यांदा तुम्ही सोबत बसा आणि तांजिरोच्या स्वप्नाच्या दृश्यानंतर त्याला काय वाटलं ते विचारा. शेवटी एका लाडक्या पात्राचा मृत्यू आहे, तिथे तो रडेल, रडू द्या. प्लॅटफॉर्मवर त्याचं वेगळं प्रोफाइल काढा, मर्यादा यू/ए १३+ ठेवा आणि तुमच्या प्रोफाइलला पिन लावा. मोठ्या वर्गातलं काही बघायचं असेल तर त्याने मागावं आणि तुम्ही आधी त्याचे शब्द वाचून ठरवावं. धाकटं भावंड त्याच खोलीत असेल तर त्याचं वय धरून वेळ निवडा, कारण लॉक प्रोफाइलला लागतो, खोलीला नाही.

एखादा शिक्का तुम्हाला साफ चुकलेला वाटला तर लिहा. ओटीटीच्या साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतं, नियमांनुसार १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. टीव्हीसाठी बीसीसीसीकडे. भागाचा क्रमांक, मिनिट-सेकंद आणि नेमकं काय खटकलं ते लिहा. 'संस्कृती बिघडते' एवढंच लिहिलेल्या पत्रावर आम्हाला काही करता येत नाही. 'सातवा भाग, १४व्या मिनिटाला स्वतःला इजा करण्याचं दृश्य आहे, पण वर्णनात त्याचा उल्लेख नाही' असं लिहिलेल्या पत्रावर त्याच आठवड्यात वर्णन बदललं गेल्याचं मी पाहिलंय.